जव्हारची सहल आणि तीन प्रश्न

शाळेची सहल कोठे न्यायची, यावर शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी वाद होतो. एका वर्षी नववीच्या एका मुलाने घरून एका प्रवासी कंपनीचे छापील पत्रक आणले. पत्रक मुन्नारच्या सहलीचे होते. वाटाड्यासह एका दिवसात हत्ती, चहाचे मळे आणि धबधबे दाखवण्याचे आश्वासन त्यात होते. केरळपर्यंतचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. आम्ही जव्हार-मोखाड्याला जायचे ठरवले. वर्गात हे सांगताच पहिला प्रश्न आला, "तिथे हत्ती आहेत का?" आणि त्यामागोमाग दुसरा, "निदान चहाचे मळे तरी?"

दोन्हींचे उत्तर 'नाही' असे होते. पण नुसते 'नाही' सांगून विज्ञान आणि इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांची सुटका होत नाही. 'का नाही' हेही सांगावे लागते. आम्ही दोन्ही प्रश्न फळ्यावर लिहिले आणि सहलीला निघालो. तिसरा प्रश्न मुलांना तिकडेच सापडला, आणि तोच सर्वांत अवघड निघाला.

बैलाच्या कातड्याएवढी जमीन

ऑगस्ट महिना होता. वाट दाखवायला मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी आमच्याबरोबर आले. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरच्या पठारावर वसले आहे. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे तालुके त्यात गेले. त्याआधीचा इतिहास मात्र दोन्ही तालुक्यांचा सारखा नाही. जव्हार हे मुकणे घराण्याचे कोळी संस्थान होते आणि ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा हा ब्रिटिश अमलातील शहापूर तालुक्याचा पेटा होता. एकाच पठारावरच्या शेजारच्या पाड्यांवर दोन वेगवेगळ्या सरकारांचे कायदे चालत होते.

गावाबाहेर राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला जयविलास राजवाडा आहे. त्याच्या समोर उभे राहून गुरुजींनी मुलांना संस्थानाच्या स्थापनेची कथा सांगितली. ती ब्रिटिश काळातल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. पूर्वी जव्हारवर एका वारली प्रमुखाचा अंमल होता. जयाबा मुकणे या कोळी सरदाराने त्याच्याकडे बैलाच्या कातड्याने झाकेल एवढीच जमीन मागितली. प्रमुखाने होकार दिला. जयाबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकापुढे एक जोडल्या आणि त्यांनी सारा मुलूख वेढला. वारली प्रमुखाला गंभीरगडाच्या बाजूचा प्रदेश देण्यात आला. पुढे १३४३ मध्ये जयाबाच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाकडून 'निमशहा' हा किताब मिळाला, असे संस्थानाचा इतिहास सांगतो.

भूमध्य समुद्राकाठी कार्थेज नगर वसवणाऱ्या डिडो राणीबद्दलही हीच कथा सांगतात. दोन दूरच्या देशांत एकच कथा कशी, हा लोकसाहित्याच्या अभ्यासकांचा विषय आहे. आमच्या मुलांनी लगेच वह्या काढल्या. मोठ्या बैलाचे कातडे चार चौरस मीटर धरू. त्याच्या दोन मिलिमीटर रुंदीच्या वाद्या कापल्या, तर एकूण लांबी २,००० मीटर होते. एवढ्या वादीने चौरस आखला तर २५ हेक्टर जमीन मिळते आणि वर्तुळ आखले तर जवळजवळ ३२ हेक्टर. ठरावीक परिमितीत सर्वांत जास्त क्षेत्र वर्तुळाचे असते, हे मुलांना एरवी पाठ करावे लागते. येथे ते सहज पटले. १९०१ च्या सुमारास जव्हार संस्थानाचे क्षेत्रफळ ३१० चौरस मैल, म्हणजे सुमारे ८०० चौरस किलोमीटर होते. एवढे क्षेत्र वेढायला वर्तुळसुद्धा १०० किलोमीटर परिघाचे लागेल. त्यासाठी वादीची रुंदी ०.०४ मिलिमीटर, केसाहूनही कमी ठेवावी लागेल. म्हणजे कथा शब्दशः खरी नाही. पण एक गोष्ट तिच्यात खरी असावी : जमीन गेली ती मोजणीत, आणि मोजण्याची पद्धत ज्याला ठाऊक होती त्याच्या बाजूने गेली. दिवसभरात मोजणीचा हा धागा आम्हाला पुन्हा भेटणार होता.

चहा का नाही?

जव्हारहून आम्ही दाभोसा धबधब्याकडे गेलो. लेंडी नदी येथे सुमारे ३०० फूट खाली कोसळते. बोलणे ऐकू येईना, म्हणून मुलांना मागे खडकांवर बसवून चहाचा प्रश्न घेतला.

एवढा पाऊस पडतो, डोंगर आहेत, धुके आहे, तर चहा का पिकू नये? या भागात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस होतो. एकूण पाऊस चहाला पुरेल इतका आहे. अडचण त्याच्या वाटपात आहे. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे जातात. चहाच्या झुडपाला कोवळी पाने सतत फुटावी लागतात. त्यासाठी मातीत वर्षभर ओल, खोल आणि आम्लधर्मी माती व थंड हवा लागते. मुन्नार सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर परतीचा पाऊसही त्याला मिळतो. जव्हारच्या उतारांवर माती वीतभर, खाली काळा खडक.

हा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. काही थर घट्ट आहेत. काहींत वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने ते सच्छिद्र आणि ठिसूळ झाले आहेत. पाणी खालचा ठिसूळ थर आधी झिजवते, वरचा घट्ट थर आधार सुटून तुटतो, आणि कडा उभाच्या उभा राहतो. धबधबे असे तयार होतात. पण हाच घट्ट खडक पाणी फारसे मुरू देत नाही. जे थोडे मुरते ते दोन थरांच्या सांध्यातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते, आणि असे बरेचसे झरे होळीच्या सुमारास आटतात. म्हणजे ज्या कारणाने येथे धबधबा आहे, त्याच कारणाने येथे चहा नाही.

येथल्या शेतकऱ्याला हे ठाऊक होते. उतारावर तो नागली, वरई, खुरासणी आणि उडीद घेतो. पावसाळ्यात येतील आणि थोड्या मातीत भागवतील अशी ही पिके आहेत.

इतिहासाची बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. चहाचे मळे हे डोंगराचे मूळ रूप नव्हे. १८७७ मध्ये जॉन डॅनियल मन्रो या इंग्रजाने पूंजारच्या राजाकडून कण्णन देवन टेकड्यांचा पट्टा मिळवला. तेथे आधी इतर नगदी पिके करून पाहिली गेली, मग जंगल तोडून चहा लावला गेला आणि मजूर तमिळ मुलखातून आणले गेले. श्रीलंकेत जेम्स टेलरने १८६७ मध्ये लूलकंदेरा येथे चहा लावला आणि पुढे तांबेरा रोगाने कॉफी बुडाल्यावर सारा डोंगराळ भाग चहाखाली गेला. आपल्याकडे महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला १८६० च्या दशकात सिंकोनाची लागवड करून पाहिली, ती फसली. पत्रकातला हिरवागार देखावा हा दीडशे वर्षांपूर्वीच्या एका उद्योगाचा अवशेष आहे.

हत्ती का नाहीत?

पूर्ण वाढलेल्या हत्तीला रोज दीडशे किलोच्या आसपास चारा आणि शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. त्याला वर्षभर हिरवे जंगल आणि न आटणारे पाणवठे हवेत, किंवा ऋतूप्रमाणे एका जंगलातून दुसऱ्यात जाण्यासाठी सलग वाट हवी. जव्हारचे पानझडी जंगल आणि आटणारे ओढे पाहता हत्ती नसणे स्वाभाविक वाटते.

पण येथे निसर्गाचे उत्तर पुरेसे नाही. १६१८ मध्ये जहांगीर बादशहा हत्तींच्या शिकारीसाठी गुजरातेत दाहोदला गेला होता. त्याच मुक्कामाच्या वर्षी औरंगजेबाचा जन्म दाहोदला झाला. दाहोद जव्हारपासून सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे आणि तेथील जंगलही पानझडीच आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी अशा कोरड्या जंगलातही रानहत्ती होते. जंगले सलग होती, म्हणून ते फिरत राहू शकत. पकड, शिकार आणि जंगलतोड यांनी ते तेथून संपले. श्रीलंकेच्या चहाच्या डोंगरांवरही तेच घडले. मेजर रॉजर्स या एकाच इंग्रज अधिकाऱ्याने तेथे हजाराहून अधिक हत्ती मारले. पुढे त्याच देशाने पोरक्या हत्तींसाठी १९७५ मध्ये पिन्नवला येथे आश्रयस्थान काढले, आणि आज ते सहलीचे ठिकाण झाले आहे.

महाराष्ट्रात आता रानहत्ती आहेत, ते बाहेरून आलेले. २००२ मध्ये कर्नाटकातून काही हत्ती सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात आले आणि २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे एक कळप गडचिरोलीत उतरला. मागची जंगले खाणी, धरणे आणि शेतीने तुटल्यावर ते आले, आणि येथे त्यांची गाठ भात, केळी आणि नारळाच्या बागांशी पडली. हत्ती कोठे असतो, हे पावसाइतकेच माणसाच्या निर्णयांवर अवलंबून असते.

तिसरा प्रश्न

दुपारी आम्ही मोखाड्याकडे निघालो. रस्त्याकडेला एका पाड्याच्या तोंडाशी निळे प्लास्टिकचे पिंप ओळीने ठेवलेले होते. पाऊस धो धो पडत होता आणि पिंप पावसाच्याच पाण्याने भरून वाहत होते. एका मुलीने विचारले, "सर, हे कशाला?" गुरुजी म्हणाले, "टँकरचे आहेत. एप्रिल-मेमध्ये लागतात." मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "इतके पाणी पडते, मग टँकर का?"

आम्ही तिला दिवसभरात शिकवलेलेच उत्तर दिले : पाऊस चार महिन्यांचा, खडक घट्ट, झरे आटतात. तिचे समाधान झाले नाही, आणि ते न होणे योग्यच होते. एक हेक्टर जमिनीवर अडीच हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला अडीच कोटी लिटर पाणी. खडकात मुरत नसेल तर ते कोठेतरी जाते. कोठे जाते, हे पाहण्यासाठी गुरुजींनी आम्हाला वैतरणेच्या दरीकडे नेले.

दरीत मध्य वैतरणा धरणाचे पाणी पसरलेले होते. हे धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ आहे. उंची सुमारे १०२ मीटर. २०१४ मध्ये ते पूर्ण झाले आणि त्यातून मुंबईला रोज ४५.५ कोटी लिटर पाणी मिळते. त्याच साली पालघर जिल्हा झाला, हे मुलांनी आपणहून जुळवले.

मुंबईच्या पाण्याचा इतिहास नकाशावर पाहिला, तर त्याला एक दिशा दिसते. १८६० मध्ये विहार तलाव झाला, तो मुंबईच्या बेटाशेजारी साष्टीत. १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. शहर वाढले तसे पाण्याचे टोक सह्याद्रीच्या कुशीत शिरत गेले. यात अभियंत्यांचे कौशल्य मोठे आहे. हे पाणी बहुतेक वाट उतारानेच शहराकडे जाते. मुंबईला पाणी नको, असे कोणी म्हणणार नाही. आम्हीही तेच पाणी पितो, हे त्या बसमधल्या सर्वांना ठाऊक होते.

पण हिशेब मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८३ हजार होती. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी हे सरकारी योजनेचे प्रमाण आहे. गुणाकार केला तर साऱ्या तालुक्याला रोज ४६ लाख लिटर पाणी पुरते. धरणातून रोज जाणाऱ्या पाण्याच्या ते फक्त एक टक्का होते.

पाडे पठारावर आहेत आणि पाणी दरीत. उतारावरून मुंबईला पोहोचणारे पाणी वर पाड्यावर न्यायला पंप लागतो. समजा ते २०० मीटर उचलायचे आहे. हजार लिटर पाणी तेवढे उचलायला, पंपातील तूट धरून, एक युनिटच्या आत वीज लागते. साऱ्या तालुक्यासाठी दिवसाला सुमारे चार हजार युनिट होतील. शिवाय नळ, टाक्या, दुरुस्ती आणि विखुरलेले पाडे. काम सोपे नाही, खर्चाचे आहे. पण शंभर मीटर उंचीची भिंत बांधणाऱ्या आणि पाणी मुंबईपर्यंत नेणाऱ्या समाजाला ते अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. चहा का नाही, याचे उत्तर आम्ही खडकावर सोपवू शकलो. टँकर का, याचे उत्तर खडकावर सोपवता येत नाही. येथे पुन्हा मोजणी आली. पाण्याची रेषा कोठवर आखायची, कोणासाठी आखायची, हे ठरवताना पठारावरचे पाडे त्या रेषेच्या बाहेर राहिले.

याची किंमत काय असते, हेही या भागाच्या इतिहासात नोंदलेले आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात अनेक बालके कुपोषणाने दगावली आणि ही नावे महाराष्ट्रभर पोहोचली. २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातील बालमृत्यूंची पुन्हा चर्चा झाली. कुपोषणाची कारणे अनेक आहेत. पण पावसाळी पीक संपले की हाताला काम नाही, आणि पाणी नसल्याने दुसरे पीक नाही, हे त्यांतले एक मोठे कारण आहे. म्हणून दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांनाही बरोबर नेतात.

हजेरीपट

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही त्याच मुलांना घेऊन पुन्हा गेलो. सहल म्हटल्यावर काहींनी नाक मुरडले. एकच जागा दोनदा कशाला? दाभोशाला मोठ्या कड्यावरून एक बारीक धार पडत होती. कड्यातले लाव्ह्याचे थर आता मात्र स्पष्ट दिसत होते. ऑगस्टमध्ये पाण्याने ते झाकले होते.

गुरुजींच्या शाळेत गेलो. त्यांनी कपाटातून हजेरीपट काढून टेबलावर ठेवला आणि मुलांना पाहू दिला. ऑगस्टच्या पानावर जवळजवळ प्रत्येक नावापुढे हजेरीची खूण होती. नोव्हेंबरपासून मोकळे चौकोन वाढत गेले होते. गुरुजी एवढेच म्हणाले, "पहिला पाऊस झाला की परत येतात. तोवर बऱ्याच जणांची बाराखडी पुसलेली असते."

आमच्या मुलांनी परतल्यावर आलेख काढला. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर एकदा पाऊस आणि एकदा हजेरी. दोन्ही रेषा एकमेकींच्या मागोमाग उतरत होत्या. हजेरीपट हा इतिहासाचे साधन असू शकतो, हे त्यांना त्या दिवशी समजले. आम्हालाही तोवर ते इतके स्पष्टपणे सुचले नव्हते.

जव्हार-मोखाड्याला सहल नेणाऱ्या शिक्षकांना म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, सहल दोनदा काढावी. एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा फेब्रुवारीनंतर. दुसरी, सुरक्षित जागी एखाद्या लहान ओढ्याचा प्रवाह दोन्ही वेळा मोजावा. ओढ्याची रुंदी आणि सरासरी खोली मोजून गुणाकार करावा, दहा मीटर अंतर एखादे वाळलेले पान किती सेकंदांत तोडते ते पाहावे, आणि दर सेकंदाला किती पाणी वाहते ते काढावे. तिसरी, तेथल्या शाळेत तासभर थांबावे. दोन्ही शाळांच्या मुलांनी आपापल्या घरी रोज किती लिटर पाणी येते, ते कोठून येते आणि कोण भरते, हे एकाच तक्त्यात लिहावे. आमच्या तक्त्यात 'कोण भरते' या रकान्यात शहरातल्या मुलांनी 'नळ' असे लिहिले होते. पाड्यावरच्या मुलींनी स्वतःची नावे लिहिली होती.